फाटक्या कानाचा मेंढा

लासुर्ण्याच्या स्टँडवर त्या सकाळी मला पोचवायला सोळा माणसं आली होती आणि इंदापूरकडून येणारी पुण्याची एसटी काही येत नव्हती. नव्व्याण्णव सालचा मार्च महिना. ऊन चढायला लागलं होतं. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या कुरकुरत समोरून जात होत्या, आणि जवळपास प्रत्येक गाडीवान कासरा ओढून विचारत होता, "कोन निगालं?" मग आमच्या घोळक्यातलं कुणीतरी छाती फुगवून सांगायचं, "तात्याची मंगल. विलायतेला."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. बारामतीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकले होते, दोन वर्षं पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहिले होते, आणि आता त्या कंपनीनं मला सहा महिन्यांसाठी वेल्सला पाठवायचं ठरवलं होतं. वेल्स म्हणजे इंग्लंडला चिकटलेला डोंगराळ मुलूख, हे मलाही महिनाभरापूर्वीच कळलं होतं.

आईला एकच काळजी. "इमानात जेवाय देत्यात का?"

"देतात."

"काय देत्यात?"

"ते माहीत नाही."

"मग देत्यात हे कशावरनं म्हनतीस?" असं म्हणून तिनं भाकरीचं गाठोडं आणखी एकदा माझ्या हातात कोंबलं. बॅगेत दोन किलो कांदा-लसूण मसाला तिनं आधीच भरला होता. माझे दोन स्वेटर काढून त्यांच्या जागी भरला होता, हे मला तिकडे पोचल्यावर समजलं.

तात्या, म्हणजे माझे वडील, जरा बाजूला उभे होते. गाडी आली तेव्हा ते जवळ आले आणि म्हणाले, "आमी दरसाल दिवाळी झाली की मेंढरं घिऊन बाहीर पडायचो. बाहीर पडनं म्हंजी काय आक्रीत न्हाय. फकस्त मागं वळून बघू नगं. म्होरला थांबला की मेंढरांचं सगळं खांड थांबतंय."

मी अर्थातच मागं वळून बघितलं. गाडी बारामतीच्या वाटेला लागेपर्यंत बघत राहिले. खांड काही थांबलं नाही, कारण ड्रायव्हरला उशीर झाला होता.

तात्यांबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं घर मेंढपाळांचं. तात्या तिशीपर्यंत खांडामागं चालले. मग आमच्या रानाला कालव्याचं पाणी मिळालं, ऊस आला, मेंढरं विकली गेली. तरी त्यांनी आठ मेंढ्या ठेवल्याच. "दारात मेंढरू न्हाय तर घर मुकं वाटतंय," म्हणायचे. तात्यांना सही करता येत होती, त्यापलीकडं लिहिणं-वाचणं नव्हतं. पण कुठलीही मेंढी दाखवा, तिची आई कोण, आजी कोण, कुठल्या सालच्या पावसात झाली, हे ते चालता चालता सांगायचे. मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. उलट, बारामतीच्या होस्टेलवर मुली विचारायच्या, "तुमच्या घरी काय करतात?" तेव्हा मी सांगायची, "उसाची शेती आहे." खोटं नव्हतं ते. पण अर्धंच होतं. मेंढरांचा शब्द मी चार वर्षांत एकदाही तोंडातून काढला नाही. आज लिहिताना त्याची लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

वेल्समधल्या त्या गावाचं नाव मला अजूनही धड उच्चारता येत नाही. गावात एक बाजार, दोन चर्च, जनावरांच्या खाद्याचं एक दुकान आणि त्या दुकानाच्या माडीवर आमची कंपनी. सहा माणसं, नऊ कॉम्प्युटर. मालकाचं नाव ह्यू. उंच, लाल दाढीचा, घाईघाईनं बोलणारा. पहिल्याच दिवशी त्यानं मला खिडकीपाशी नेलं आणि समोरच्या डोंगराकडे बोट केलं. डोंगरावर पांढरे ठिपके विखुरलेले होते.

"तुझं काम त्यांच्यासाठी आहे," तो म्हणाला.

मी बघितलं. मेंढ्या होत्या. होस्टेलवर चार वर्षं जे लपवलं ते सात समुद्र ओलांडून माझ्यापुढं येऊन उभं राहिलं होतं, आणि मला एकटीलाच हसू येत होतं.

काम असं होतं. त्या भागात एका जातिवंत मेंढीची पैदास करणाऱ्या शेतकऱ्यांची संस्था होती. प्रत्येक जनावराच्या कानात नंबराचा बिल्ला, आणि संस्थेच्या जाड वहीत त्या नंबरापुढं त्याचे आईबाप. सप्टेंबरात मेंढ्यांचा मोठा लिलाव भरायचा. तिथं गिऱ्हाईक आधी वंशावळ विचारणार, मग बोली लावणार. दरवर्षी संस्थेचा माणूस वह्या घेऊन बसायचा आणि पानं उलटता उलटता घामाघूम व्हायचा. आता ती वही कॉम्प्युटरवर आली होती. लिलावाच्या जागी दुसरा कॉम्प्युटर, त्याचा प्रोग्राम दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेला. त्या प्रोग्रामनं फोनच्या तारेवरून आमच्या प्रोग्रामला विचारायचं, 'हा नंबर कुणाचा?' आणि आमच्यानं वही बघून उत्तर द्यायचं. माणूस मध्ये नाही. एका यंत्रानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं. आज याला सगळे वेब एपीआय म्हणतात आणि पोरं कॉलेजातच शिकून येतात. तेव्हा आम्ही त्याला नुसतं 'उत्तर देणारा' म्हणायचो.

तो लिहायचा होता पायथन नावाच्या भाषेत, आणि तिच्यावर उभारलेलं एक नवंकोरं फ्रेमवर्क होतं. फ्रेमवर्क म्हणजे आयता सांगाडा: आलेला प्रश्न घ्यायचा, तो योग्य जागी पोचवायचा, उत्तर परत धाडायचं, ही हमाली तो करतो, आपण फक्त उत्तर काय द्यायचं ते लिहायचं. पुण्यात मी त्या भाषेत थोडं काम केलं होतं. पायथन म्हणजे अजगर, हे गावातल्या एका मास्तरांनी आईला सांगितलं होतं, तेव्हापासून ती फोनवर हटकून विचारायची, "अजगर कसा हाय?" मी म्हणायची, "बरा हाय, चावत न्हाय." खरोखरच ती भाषा माझ्या हाताला फार गोड लागली. थोडक्यात लिहावं आणि जे लिहिलं ते वाचता यावं, असा तिचा स्वभाव. पहिल्यांदा माझ्या प्रोग्रामनं एका नंबराला मेंढीचं नाव, आई आणि बाप असं तीन ओळींचं उत्तर दिलं, तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. ऑफिसातली पाचही माणसं माझ्याकडे बघायला लागली. मग ह्यूनंही वाजवली.

राहायला मला ओवेन आणि मेगन या म्हाताऱ्या नवरा-बायकोंच्या शेतावर माडीवरची खोली मिळाली होती. त्यांच्याही मेंढ्या होत्या आणि ओवेन त्या संस्थेचा जुना सभासद. दोघं घरात आपापसांत वेल्श बोलायचे, बाजारात गेले की इंग्रजी. घरची बोली वेगळी आणि कचेरीतली वेगळी, हे मला फार ओळखीचं वाटलं. ओवेनचं इंग्रजी माझ्यासारखंच थांबत थांबत चालायचं, त्यामुळं आम्हा दोघांचं छान जमलं.

मी गेले ते दिवस कोकरं जन्मायचे. मेगन सकाळी स्वयंपाकघरात शेगडीजवळ खोक्यात ठेवलेल्या अशक्त कोकराला बाटलीनं दूध पाजत असायची. आमच्या घरी आई अगदी हेच करायची, फक्त खोक्याच्या जागी पाटी आणि शेगडीच्या जागी चूल. एका रविवारी मी मेगनच्या स्वयंपाकघरात मटणाचा रस्सा केला. आईचा मसाला मोजून अर्धा चमचाच घातला. ओवेनचे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यानं ताट पुढं केलं. "आणखी," म्हणाला. त्यानंतर दर रविवारी रस्सा.

जुलै संपता संपता प्रोग्राम जवळजवळ पुरा झाला. एके दिवशी मी गंमत म्हणून ओवेनच्या सगळ्यात लाडक्या मेंढ्याचा नंबर टाकला. ओवेन त्याला लिलावात उभा करणार होता. चार वर्षं त्यानं त्याच्यावर जीव लावला होता. उत्तर आलं: नोंद नाही.

पुन्हा टाकला. नोंद नाही.

संध्याकाळी गोठ्यात जाऊन मी बघितलं. मेंढ्याचा डावा कान चिरलेला होता. वसंतात काटेरी कुंपणात अडकला, बिल्ला कानाच्या तुकड्यासकट गेला, आणि ओवेननं उजव्या कानात नवा बिल्ला मारला होता. नवा नंबर. संस्थेला पत्र लिहून कळवलंही होतं. कुणीतरी वहीच्या समासात ते लिहून ठेवलं होतं. पण आमच्या प्रोग्रामला समास नव्हता. त्याच्या लेखी एक बिल्ला म्हणजे एक जनावर. बिल्ला बदलला की जुनं जनावर गायब आणि नवं आईबापांवाचून आभाळातून पडलेलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सेक्रेटरीबाई बैठकीला आल्या होत्या. ह्यूनं त्यांना सगळं दाखवलं. त्या खूश. जाता जाता म्हणाल्या, एक मेंढी, एक बिल्ला, नियम सोपा आहे, म्हणून काम लवकर झालं. मी तिथंच बसले होते. तोंड उघडलं नाही. माझं इंग्रजी चुकेल, मी नवी, मी बाहेरची, आणि हे नियम त्यांचे. त्या गेल्यावर ह्यू म्हणाला, "लिलावाआधी हे चालू झालं नाही तर संस्था परत वहीकडे जाईल. मग मला तुला ठेवून घेता येणार नाही, मंगल." तो वाईट बुद्धीनं म्हणाला नव्हता. पण फाटक्या कानाची गोष्ट मी गिळून टाकली.

रविवारी माझा गावी फोन करायचा दिवस. लासुर्ण्यात यासीनचाचांचं सायकलचं दुकान होतं आणि त्यातच काचेची खोली करून एसटीडी बूथ. वेल्समधली सकाळ म्हणजे गावची दुपार. त्या वेळेला तात्या आणि आई दुकानात येऊन बसायचे. फोन उचलला की यासीनचाचा आधी गावभर ऐकू जाईल असं ओरडायचे, "मंगलचा हाय! मंगलचा!" आणि मग फोन तात्यांकडं.

त्या दिवशी मी खुशाली झाल्याबरोबर विचारलं, "तात्या, कानातला बिल्ला पडला तर मेंढरू कसं ओळखायचं?"

"कंचा बिल्ला?"

मी सगळं सांगितलं. वही, नंबर, लिलाव, ओवेनचा मेंढा. तात्या ऐकत राहिले. मग असे हसले की फोन खरखरला.

"आगं, कानाचा काय भरवसा? कान फाटतू, कुत्रं धरतंय, काटं लागत्यात. कान गेला म्हून मेंढरू गेलं व्हय? मेंढरू त्येच हाय की! बिल्ला अंगावरचा कपडा हाय. आज ह्यो, उद्या त्यो."

"मग धरायचं काय?"

"मेंढरू धरायचं. आन त्येची आय. आय काय बदलत न्हाय." जरा थांबून ते म्हणाले, "पर आईतबी फसशील. मेंढी मेली तर तिचं कोकरू दुसरीला लावत्यात. पाजनारी येगळी आन जनलेली येगळी. तुज्या त्या अजगराला दोन्ही इचार."

मागून आईचा आवाज आला, "मेंढरांचं काय इचारती? जेवती का न्हाय ते इचारा."

मी फोन ठेवला आणि मेगनच्या अंगणात, कुंपणाशी, कितीतरी वेळ उभी राहिले. मला चार वर्षं कॉलेजात जे कुणी शिकवलं नव्हतं, ते एका सायकलच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसानं पाच मिनिटांत सांगितलं होतं. आणि त्या माणसाचा धंदा मी होस्टेलवर लपवून ठेवला होता.

सोमवारी सकाळी मी ह्यूला म्हणाले, "सेक्रेटरीबाईंना परत बोलवायला हवं. आपलं चुकलंय."

त्या आल्या. मी फळ्यावर एक मेंढी काढली, तिचा एक कान फाडला, आणि सांगायला लागले. आतला एक आकडा प्रत्येक जनावराला, जो कुणाला दिसणार नाही आणि कधी बदलणार नाही. बिल्ले वेगळ्या यादीत: कुठला बिल्ला, कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या जनावराच्या कानात. आणि आई दोन रकान्यांत, जन्म देणारी आणि पाजणारी. बाई जरा चिडल्याच. "तुला आमच्या मेंढ्यांबद्दल हे कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, "माझ्या वडिलांनी. ते मेंढपाळ आहेत."

आयुष्यात पहिल्यांदा मी ते वाक्य मोठ्यानं बोलले, आणि तेही परक्या भाषेत, परक्या माणसांपुढं. काही आकाश कोसळलं नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि त्या म्हणाल्या, "माझेही होते. ते वहीच्या समासात लिहायचे." आणि वळून ह्यूला विचारलं, "किती दिवस लागतील?"

ह्यूनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "पाच आठवडे." लिलावाला बरोबर पाच आठवडेच होते.

ते पाच आठवडे मी कामात बुडून गेले, आणि खरं सांगते, इतका आनंद मला कामात पुन्हा क्वचितच झाला. अर्धा प्रोग्राम मोडला आणि नव्यानं बांधला. फ्रेमवर्कचा तो सांगाडा इथं उपयोगी पडला: प्रश्न येण्याजाण्याच्या वाटा तशाच राहिल्या, फक्त आतली उत्तरं बदलली. लिलावाच्या जागचा प्रोग्राम ज्यांचा होता त्यांना एक अक्षर बदलावं लागलं नाही. ओवेन रोज जेवताना नवं कोडं घालायचा. जुळ्यांपैकी एक मेलं तर? बिल्ला चुकून दुसऱ्याच्या कानात मारला तर? मी वहीत टिपून घ्यायची आणि सकाळी त्याचं उत्तर लिहायची.

लिलावाच्या आदल्या दिवशी नवा प्रोग्राम आमच्या माडीवरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर चढवला. सगळे नंबर तपासले. फाटक्या कानाच्या मेंढ्याचाही. चोख. मी निवांत झोपले.

सकाळी लिलाव सुरू व्हायला तासभर होता आणि बाजारातून ह्यूचा फोन आला. "मंगल, तुझा उत्तर देणारा मुका झालाय."

मी त्या मोठ्या कॉम्प्युटरवरच नंबर टाकला. उत्तर आलं. "इथं तर बोलतोय," मी म्हणाले.

"इथं बोलत नाही."

पलीकडं माणसांचा गलका आणि मेंढ्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. पुन्हा बघितलं. कोण कधी काय विचारून गेलं याची प्रोग्राम एक नोंदवही ठेवायचा. ती उघडली. सकाळपासून माझ्याशिवाय कुणीच आलेलं नव्हतं. म्हणजे उत्तर चुकत नव्हतं. बाहेरचं दार वाजतच नव्हतं. आणि मग लख्ख उजेड पडला. प्रोग्रामनं कुणाकुणाचं ऐकायचं, हे एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. नवा प्रोग्राम चढवताना मी माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरची फाइल तशीच उचलून इथं ठेवली होती. तिच्यात पत्ता होता १२७ पासून सुरू होणारा, जो प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःसाठी वापरतो. म्हणजे माझा प्रोग्राम दारं-खिडक्या लावून आत बसला होता आणि फक्त स्वतःशीच गप्पा मारत होता.

मी तो पत्ता पुसून त्या जागी चार शून्यं लिहिली. म्हणजे, कुणीही येऊ दे, सगळ्यांचं ऐक. प्रोग्राम बंद केला, चालू केला. फोन कानाला तसाच होता. "आता विचारा."

काही क्षण नुसतीच खरखर. मग ह्यूचा आवाज, "बोलला!" आणि त्याच्यामागं दुसऱ्या कुणाचं तरी हसणं.

खाली खाद्याच्या दुकानात एक शेतकरी पोती भरत होता. त्याच्याच गाडीत बसून मी बाजारात गेले. लाकडी रिंगण, भोवती टोप्या घातलेली माणसं, आणि लिलाव पुकारणारा इतक्या वेगानं बोलत होता की मला एक शब्द कळला नाही. कोपऱ्यात एका टेबलावर तो कॉम्प्युटर आणि त्यापुढं संस्थेच्या त्या सेक्रेटरीबाई.

ओवेन आपला मेंढा घेऊन रिंगणात आला. धुतलेला, विंचरलेला, आणि डावा कान फाटका. माणसांत कुजबूज झाली. फाटका कान आणि नवा बिल्ला, म्हणजे वंशावळीचा भरवसा काय? बाईंनी नंबर टाकला. मग त्यांनी माइकवरून वाचायला सुरुवात केली. जुना बिल्ला अमुक, वसंतात हरवला, नवा बिल्ला तमुक, जनावर तेच. आई, आईची आई, बाप. वाचून झाल्यावर त्यांनी एक ओळ आणखी वाचली: "जन्म देणारी आई जन्म देतानाच दगावली. पाजणारी आई दुसरी." ओवेननं ते मला जेवताना सांगितलं होतं, मी ते लिहून ठेवलंय हे त्याला माहीत नव्हतं.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. रिंगणात मधोमध उभा राहून माझ्याकडं बघत वेल्शमध्ये काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही. मी मराठीत म्हणाले, "आवो, इका की आता!" त्यालाही कळलं नाही. पण आम्ही दोघंही हसलो, आणि बोली सुरू झाली. मेंढा चांगल्या घरी गेला.

सहा महिन्यांचं काम पुढं वाढलं. दुसऱ्या बाजारांनीही आमच्या उत्तर देणाऱ्याला विचारायला सुरुवात केली. ह्यूनं मला कायमचं ठेवून घेतलं. पण आधी मी म्हणाले, दिवाळीला गावी जाऊन येते.

दिवाळी झाल्यावर एके दिवशी मी तात्यांना बारामतीला घेऊन गेले. तिथं एक इंटरनेटचं दुकान नुकतंच उघडलं होतं. चार कॉम्प्युटर, प्लायवूडचे आडोसे. तात्या धोतर सावरत खुर्चीच्या अगदी काठावर बसले. मी वेल्सचा पत्ता टाकला, माझा पासवर्ड टाकला आणि म्हटलं, "विचारा. काय विचारायचं?"

"त्या फाटक्या कानाच्याची आय कोन?"

मी नंबर लिहिला. पान उघडतंय हे दाखवणारी रेषा हळूहळू सरकत होती. दुकानवाला म्हणाला, लाइन जरा स्लो हाय, काका. तात्या म्हणाले, "असू दे. लांबनं यायचंय." मग पडद्यावर ओळी उमटल्या. मी वाचून दाखवल्या. जन्म देणारी ही, पाजणारी ती. तात्यांनी पडद्याला बोट लावलं आणि दुकानवाल्याकडं वळून म्हणाले, "ह्ये माज्या लेकीनं लिवलंय. तितली मेंढरं हितनं वळखती." दुकानवाल्यानं मान डोलावली. तात्यांचं तेवढ्यानं भागलं नाही. शेजारच्या आडोशात बसलेल्या माणसालाही त्यांनी ते सांगितलं. मग मला म्हणाले, "आता इचार, कान बरा झाला का?"

"ते नाही लिहिलंय त्यात, तात्या."

"मग लिव की."

परतल्यावर लिहिलं. अजूनही त्या प्रोग्रामात जनावराच्या तब्येतीचा एक रकाना आहे, आणि तो कुणाच्या सांगण्यावरून आला हे ह्यूला माहीत आहे.

तुम्ही जे लासुर्ण्यात, अंथुर्ण्यात राहिलात, तुम्ही मला विचारता, तिकडं करमतं का? आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, पुण्याला, बेंगलोरला, कुठंकुठं, तुम्ही हे विचारतच नाही, कारण तुम्हाला उत्तर माहीत असतं. करमतं. आणि उसाला तुरा आला असेल या विचारानं एखाद्या दुपारी अजिबात करमत नाही. दोन्ही खरं. मी जाताना वाटलं होतं, गाव सोडून कॉम्प्युटरच्या जगात चाललेय. पण तिथं पोचल्यावर माझ्या उपयोगाला आलं ते गावाकडचंच, मी ज्याला शिक्षण म्हणत नव्हते ते.

त्या दिवाळीनंतर मी परत गेले तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. स्टेशनवर ओवेन आपली जुनी गाडी घेऊन आला होता. मेगननं रस्सा करून ठेवला होता, माझ्याच मसाल्याचा, जरा पाणचट. जेवण झाल्यावर मी मेगनच्या फोनवरून यासीनचाचांच्या दुकानात फोन लावला. ओरडण्याचा कार्यक्रम झाला. आई फोनवर आली.

"आई, मी घरी पोचले," मी म्हणाले.

पलीकडं एकदम शांत. मला वाटलं लाइन तुटली. मग लक्षात आलं, आपण काय बोलून गेलो. मार्चपासून मी तिला 'इथं पोचले', 'खोलीवर आले' असंच म्हणत होते. आता ती रडणार, असं वाटलं. मी घाईघाईनं म्हणाले, "म्हणजे, ओवेनच्या शेतावर..."

"कळलं मला," आई म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं. उलट, काहीतरी जड ओझं डोक्यावरून उतरवून ठेवल्यावर माणूस बोलतं ना, तसा मोकळा आवाज होता. "आता मला झोप लागंल बघ."

आणि मग फोन तोंडापासून लांब न करताच, माझे कान किटतील अशा आवाजात ती तात्यांना ओरडून म्हणाली, "अवं, ऐकलं का? पोरगी घरी पोचली!"